लिसासारखी पोज हवी? आधी कापड बघा

नमस्कार मंडळी! जुन्या व्होग या फॅशन मासिकातल्या मॉडेलसारखे फोटो काढायचा ट्रेंड आलाय आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न, "ताई, फिल्टर कोणता?" अहो, फिल्टरवर काही नाही हो ते!

कृष्णधवल करा, खिडकीजवळ उभ्या राहा, मागे साधा पडदा लावा. एवढं येतं सगळ्यांना. पुढे चला.

आज त्यातलीच एक मॉडेल, लिसा फॉन्साग्रीव्ज. थांबा, हत्तींबरोबरचा फोटो तिचा नाही! दर व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच. ती दुसरी मॉडेल, दोविमा, 1955, फोटो रिचर्ड अ‍ॅव्हेडनचा. लिसा स्वीडनची, मूळची नर्तकी. 1936 मध्ये पॅरिसमध्ये व्होगसाठी कॅमेऱ्यासमोर जायची वेळ आली, तर बाई आधी लूव्र संग्रहालयात गेली. कशाला? चित्रांतल्या माणसांनी कपडे कसे वागवलेत ते बघायला. कपडे! चेहरे नाही.

तुम्ही आरशात बघता नाक, ओठ, डबल चिन. ती बघायची ड्रेस. उजेड कुठून आला की कापड उठून दिसतं, कुठे वळलं की घडी मोडते.

आता 1939 चा आयफेल टॉवरवरचा फोटो उघडा, अर्विन ब्लुमेनफेल्डचा. सगळे उंची बघून "बापरे" करतात. तुम्ही हात बघा. एका हाताने टॉवरचं लोखंड धरलंय आणि दुसऱ्याने? स्कर्टचा घेर पसरलाय! इतक्या उंचीवरही तिचं लक्ष कापडावर.

ती स्वतःला चांगलं हँगर म्हणायची. त्यावर एक दादा लिहितात, "किती ही नम्रता." नम्रता कसली? कामाचं वर्णन आहे ते.

माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात फोटोग्राफर सारखा "स्माइल, मॅडम, स्माइल" करत होता आणि पैठणीचा पदर खांद्यावर चुरगळून बसलेला. मी जाऊन नुसता पदर मोकळा सोडला आणि तिला म्हटलं, काठ दिसेल एवढीच वळ. हसू आपोआप आलं.

म्हणून पुन्हा सांगते, पोज ठरवायच्या आधी कपड्यातली सगळ्यात देखणी जागा शोधा आणि ती उजेडाकडे करा. मान, हात, कंबर त्यानंतर. फोटोग्राफर अर्व्हिंग पेनने काढलेले तिचे 1950 चे पॅरिसचे फोटो बघा, मागे थिएटरचा जुना पडदा, दिवसाचा उजेड, बाकी काही नाही. लिसाचं वळणं एवढंच काय ते.

आणि "आता कुठे ताई, वय झालं" लिहिणाऱ्यांनो, त्या फोटोंच्या वर्षी लिसा 39 वर्षांची झाली होती. दुसरं कारण शोधा!