पाण्यात मिसळणारे तेल

बडोद्याच्या दांडिया बाजारातील या घराच्या न्हाणीघरात दोन बादल्या शेजारी ठेवल्या आहेत. डावीकडच्या आंघोळीच्या कोमट पाण्यात नुसते तिळाचे तेल ओतले, तेव्हा त्याचा तवंग वर तरंगत राहिला आणि बादलीच्या कडेला चिकटला. उजवीकडे तेच तेल इमल्सिफायर, म्हणजे तेलाला पाण्यात मिसळू देणारा पदार्थ, घालून केलेल्या मिश्रणाच्या रूपात पडत आहे. थेंब पाण्याला टेकताच फुटतो, पांढरा होतो, आणि हात फिरवल्यावर सगळे पाणी पातळ ताकासारखे दिसू लागते. तेल येथे विरघळलेले नाही. त्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरले आहेत आणि त्यांच्यामुळे प्रकाशही विखुरतो.

हे काम इमल्सिफायरचे. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे तेलाकडे. ही ओढ अंकांत मांडण्याची एचएलबी पद्धत विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये मांडली; अंक जितका मोठा, तितकी पाण्याकडची ओढ जास्त. पॉलिसॉर्बेट ८० या इमल्सिफायरचा अंक १५. ते पाण्यात सहज मिसळते, परंतु बहुतेक वनस्पती तेलांत नीट विरघळत नाही, म्हणून बाटलीच्या तळाशी उतरते. म्हणूनच वजनकाट्यावर ८० ग्रॅम तेलात २० ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८५ पडत आहे, ज्याचा अंक ११ असून ते तेलातही सामावते. मिश्रण आरपार दिसेपर्यंत ढवळले जाते; जराही गढूळ राहिले, तर ते बाटलीत भरायचे नाही. चमचा कोरडाच हवा.

आता समोर दिसणारी ही इमारत बडोद्याच्याच कलाभवनाची. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये ही संस्था उभी केली आणि येथे रंगाईचे रसायनशास्त्र शिकवले गेले. रंगाऱ्यांचे टर्की रेड ऑइल म्हणजे सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून, धुऊन, अल्कलीने उदासीन केलेले एरंडेल. तेही पाण्यात मिसळते, आणि स्नानाच्या तेलांत आजही वापरले जाते. एरंडाच्या उत्पादनात गुजरात देशात आघाडीवर आहे. इतके जवळचे हे ज्ञान आपल्या घरगुती उद्योगांनी हाती घ्यायलाच हवे.

दिवाळीच्या अभ्यंगाची जागा हे तेल घेत नाही, कारण तेथे तेल आधी अंगात जिरवायचे असते. हे थंडीत कोरड्या पडणाऱ्या त्वचेसाठी, रोजच्या बादलीसाठी आहे. फरशी मात्र निसरडी होते, म्हणून वृद्धांच्या घरी ती लगेच साबणाने धुवावी, आणि ही सूचना बाटलीवर ठळक छापावी.