मुंबई फाइव्ह्ज : दहा दिवसांची लीग, एक विजेता संघ

(दृश्य : पत्र्याच्या छपराखालचा टर्फ. बाहेर पाऊस. मुलगा चेंडू उंच धरून सोडतो.)

चेंडू बघा. डोक्यावरून सोडला, जमिनीवर आपटला आणि जेमतेम गुडघ्यापर्यंत येऊन बसला. नेहमीचा फुटबॉल यापेक्षा कितीतरी उंच उसळतो. हा फुटसालचा, म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलचा चेंडू. नियमच आहे तसा. दोन मीटरवरून सोडला, तर पहिला टप्पा 50 ते 65 सेंटिमीटरच्या आत राहायला हवा. नंबर चार, घेर 62 ते 64 सेंटिमीटर. आकारानं लहान, वजनाला मात्र मोठ्या चेंडूच्या जवळपास. त्यामुळे तो पायापासून लांब पळत नाही.

आता पाय बघा. पास आला, तो मुलानं तळव्यानं दाबून थांबवला. त्याच तळव्यानं मागे ओढला आणि समोरच्याच्या बाजूनं निघून गेला. मोठ्या मैदानावर प्रशिक्षक ओरडतात, 'बोटानं मारू नको!' इथे बुटाच्या टोकानं मारलेला फटका हे हुकमी हत्यार आहे. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. पाय मागे घेऊन जोर लावायला वेळ कुणाकडे आहे?

(दृश्य : हॉलच्या फरशीवरच्या रंगीत रेषा.)

जागा साधारण 40 मीटर बाय 20 मीटर. गोलरक्षक धरून पाच जण. ऑफसाइड नाही. खेळ चालू असतानाच माणूस बदलायचा, कितीही वेळा. रेषेबाहेर गेलेला चेंडू पायानंच आत द्यायचा, आणि तोही चार सेकंदांत. एका सत्रात संघाचे पाच फाउल होऊन गेले, की सहाव्यापासून समोरच्याला फ्री किक, आणि तीही मध्ये खेळाडूंची भिंत उभी न करता. धसमुसळेपणाची किंमत इथे रोख मोजावी लागते. म्हणून अंगानं लहान, पण डोकं चालणारं पोर या खेळात टिकतं. मोकळी मैदानं शोधावी लागणाऱ्या आणि चार महिने पाण्यात असणाऱ्या मुंबईला यापेक्षा सोयीचा फुटबॉल कुठला असेल?

(दृश्य : उरुग्वेचा नकाशा, जुनी छायाचित्रं.)

खेळ जन्मला उरुग्वेत, माँटेव्हिडिओ शहरात. साल 1930. त्याच साली, त्याच शहरात यजमान उरुग्वेनं पहिला फुटबॉल विश्वचषक जिंकला होता. मुलं फुटबॉलनं झपाटलेली, मैदानं कमी. वायएमसीएमधले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी हॉलमध्ये खेळायचे नियम बसवले. बास्केटबॉलकडून पाच खेळाडू आणि 40 मिनिटं घेतली, हँडबॉलकडून मैदानाचं माप, वॉटरपोलोकडून गोलरक्षकाचे नियम. शेजारच्या ब्राझीलनं तो उचलला आणि असा वाढवला, की रोनाल्डिन्होसारखा जादूगार लहानपणी आधी याच फरशीवर घडला.

मुंबई फाइव्ह्ज या आमच्या फुटसाल संघाची गोष्ट समजायला पुढचा भाग महत्त्वाचा आहे. 1971 साली साओ पावलोमध्ये या खेळाची स्वतंत्र जागतिक संघटना झाली. तिनं 1982 साली पहिली जागतिक स्पर्धा भरवली. मग फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाचं लक्ष गेलं. 1989 साली फिफानं नेदरलँड्समध्ये आपला वेगळा विश्वचषक सुरू केला. तेव्हापासून एका खेळाची दोन घरं. एक फिफाचं. दुसऱ्या घराचा कारभार आज पॅराग्वेतल्या असुन्सिऑनहून चालतो.

(दृश्य : 2016च्या वर्तमानपत्रांची कात्रणं.)

2016 साली भारतात प्रीमियर फुटसाल लीग आली. अध्यक्ष म्हणून पोर्तुगालचा माजी फुटबॉलपटू लुईस फिगो. प्रचाराला विराट कोहली. लीगचं गाणं ए. आर. रहमान यांचं. सहा शहरांचे सहा संघ, प्रत्येकाकडे एक नामवंत खेळाडू. पॉल स्कोल्स बंगळुरूकडे, हर्नान क्रेस्पो कोलकात्याकडे, मिशेल साल्गादो कोचीकडे, रोनाल्डिन्हो गोव्याकडे. चेन्नईकडे फाल्काव, म्हणजे फुटसालमधला सगळ्यांत मोठा माणूस. मुंबई फाइव्ह्जकडे रायन गिग्ज.

गिग्जनं जुलैच्या सुरुवातीलाच मँचेस्टर युनायटेड हा इंग्लिश क्लब सोडला होता. 29 वर्षांचं नातं, क्लबसाठी 963 सामने, 13 लीग विजेतेपदं. त्यानंतर दोन आठवडे होतात न होतात तोच तो मुंबईच्या जर्सीत, 20 मीटर रुंदीच्या कोर्टवर.

पण या लीगला फिफाच्या घरातल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. आयोजकांसोबत उभी होती ती दुसऱ्या घराशी जोडलेली भारतीय संघटना. फिफाच्या घरातून हे चालणार नाही, असं स्पष्ट सांगण्यात आलं. म्हणजे हॉल सजला होता, जगातले नामवंत विमानातून उतरत होते, आणि कागदावर ही स्पर्धा अनधिकृत होती. भांडण कुणाच्या शिक्क्याचं, यात खेळणाऱ्या पोरांचा काय दोष? निवड चाचण्यांमधून आलेली भारतीय मुलं होती ती. मोठ्या लीगच्या झगमगाटात त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. इथे ती फाल्कावसमोर उभी राहिली, आणि त्याचं आम्हाला फार मोल वाटतं.

(दृश्य : चेन्नई, जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियमचं प्रवेशद्वार.)

15 जुलैला सुरुवात. दहा-दहा मिनिटांची चार सत्रं. रोनाल्डिन्होनं बंगळुरूवर एकट्यानं पाच गोल केले, ती संध्याकाळ इथलीच. थोड्याच दिवसांत तो परतला, आणि त्याच्या जागी गोव्याकडे काफू आला. ब्राझीलचा कर्णधार म्हणून 2002 साली विश्वचषक उंचावणारा काफू.

मुंबई फाइव्ह्ज त्या मोसमात मुंबईत एकही सामना खेळली नाही. सामने फक्त चेन्नईत आणि गोव्यात. ज्या शहराचं नाव छातीवर, त्या शहरातल्या मुलांनी आपला संघ टीव्हीवरच पाहिला.

(दृश्य : गोव्यातलं म्हापसा. पावसात भिजलेलं पेडे क्रीडा संकुल, मग आतला रिकामा हॉल.)

हा म्हापशाजवळचा पेडे येथील हॉल. 24 जुलै 2016, अंतिम सामना. मुंबई विरुद्ध कोची. वेळ संपली तरी निकाल लागेना. मग पेनल्टी. इथला पेनल्टीचा ठिपका बघा, गोलपासून अवघा सहा मीटर. आमच्या कॅमेरामननं गोलमध्ये उभं राहून हे दृश्य टिपलं आहे. इतक्या जवळून येणारा चेंडू बघून हलायचं म्हटलं, तर उशीर झालेला असतो. गोलरक्षकानं आधी अंगानं जागा भरायची, हात-पाय पसरून. बाकी सारं मारणाऱ्याच्या काळजावर. मुंबईचं काळीज टिकलं. पहिला चषक मुंबईचा.

2017 साली दुसरा मोसम झाला. संघाचं नाव बदलून मुंबई वॉरियर्स झालं. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अखेर घरचे सामने झाले, पुढे लीग बंगळुरूला आणि दुबईला गेली. तिसरा मोसम झालाच नाही.

(दृश्य : टर्फवर पुढच्या बॅचची मुलं बिब घालतायत.)

या मुलांना आम्ही मुंबई फाइव्ह्जचं नाव विचारलं. त्यांची उत्तरं तुम्ही त्यांच्याच चेहऱ्यावर पाहा.

महासंघानं स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा 2021 साली दिल्लीत सुरू केली. पहिलं विजेतेपद दिल्ली एफसीनं मिळवलं. भारताचा राष्ट्रीय फुटसाल संघ आशिया चषकाच्या पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला, तो 2023 साली. पेडेच्या त्या रात्री बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर एकोणीस वर्षांचा झाला होता.