पहिली पेटी

(दृश्य: देवगड तालुक्यातली एक आमराई. सकाळ. कलमाखाली पसरलेला पेंढा, लाकडी पेटी, तीत एकेक आंबा बसवणारे हात.)

निवेदन:
दर वर्षी हंगाम नीट सुरू व्हायच्या आधीच एक बातमी येते. हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात दाखल. पेटीला हार, वर कुंकू, मागे चारपाच जण हात जोडून उभे. हा फोटो तुम्ही पाहिलेला असतो. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा शेजारी ठेवला तर फरक फक्त शर्टांचा. तरी तो छापून येतो आणि आपण वाचतो.

या बातमीसाठी जाहिरातीचा एक पैसा कुणी दिलेला नसतो. आंबा अजून कुणाकडे नाही, म्हणून वेळ साधलेली. 'पहिली' हा शब्द. बागायतदाराचं नाव, गावाचं नाव. आणि डोळ्यांत भरणारा फोटो. जनसंपर्काच्या पुस्तकात बातमीमूल्य म्हणून जे शिकवतात ते सगळं त्या एका पेटीत आहे.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही. पेटी गाडीतून उतरायच्या आधी कुणीतरी एका पत्रकाराला फोन केलेला असतो, आणि त्या पत्रकाराने तो उचललेला असतो.

आपण आज त्या फोनबद्दल बोलणार आहोत.

(दृश्य: घराचं खळं. एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आहे. मागे वडील पेट्यांना खिळे मारतायत.)

निवेदन:
ही इथलीच. माध्यमांच्या पदवीचं शेवटचं वर्ष. जनसंपर्कात नोकरी करायची आहे. आमची पहिली भेट झाली तेव्हा तिने मला विचारलं, "मॅडम, नेटवर्किंग करायला मुंबईला कधी यायचं?"

मी हसले नाही, कारण वीस वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. ओळखी वाढवण्याला इंग्रजीतून आलेला शब्द, म्हणजे तो कुठल्यातरी एसी हॉलमध्ये, हातात कॉफीचा कप धरून करायचा असणार. आणि कोकणात मुलीने एसटीतून उतरून चार पावलं टाकली की पारावरच्या आजी विचारतात, "कोणाचा गो चेडू तू?" तुमचं आडनाव, वाडी, आजोळ, मुंबईतला काका कुठल्या चाळीत, हे सगळं तीन मिनिटांत काढून घेतात. माहिती काढण्याची ही हातोटी मी जनसंपर्काच्या मोठमोठ्या एजन्सीत पाहिलेली नाही.

फक्त या प्रश्नाचं उत्तर आपण नेहमी बापाच्या नावाने देतो. तिथेच ओळख आणि वशिला यांची गल्लत सुरू होते. वशिल्यात समोरचा माणूस तुमच्या काकांना ओळखतो. ओळखीत तो तुमचं काम ओळखतो. वशिल्याने दार एकदा उघडतं, आणि नंतर काका रिटायर होतात.

(दृश्य: गणपतीचा आदला दिवस. कणकवली स्टेशन. गाडीतून उतरणारे चाकरमानी, डोक्यावर पिशव्या.)

निवेदन:
मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे एक अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 1973 साली एक गोष्ट मांडली: नोकरीची नवी बातमी जवळच्या माणसांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. कारण सरळ आहे. घरातल्यांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीतच असतं.

आता ही गर्दी बघा. यातला एक जण कुठल्या हॉस्पिटलच्या ऑफिसात, एक जण वर्तमानपत्राच्या छपाईत, एक बाई बँकेच्या मुख्य कचेरीत. भावकीतले, पण वर्षातून पाच दिवस भेटणारे. त्यांना आपण काय विचारतो? "सुट्टी किती दिवस?" आणि नंतर थेट, "आमच्या पोराला कुठंतरी लावा ना."

त्या बाईंना एवढंच विचारून बघा: आत्या, तुमच्या बँकेत ग्राहकांना पत्रं कोण लिहितं? तक्रार पेपरात आली तर कोण उत्तर देतं? आत्यांना बहुतेक माहीत नसेल. पण चतुर्थी उलटून त्या परत गेल्या की विचारतील. त्यांनाच उत्सुकता लागलेली असते.

(दृश्य: निवेदिका स्वतः, जुन्या फाइलीतली कात्रणं चाळताना.)

निवेदन:
माझीच एक फजिती सांगते. मुंबईत एका एजन्सीत नवी लागले होते. पहिली प्रेस नोट मला पाठवायची होती, सत्तावीस वर्तमानपत्रांना. मी एकाला लिहिलेला मजकूर उचलून बाकी सगळ्यांना पाठवला. सत्तावीसही ठिकाणी 'माननीय संपादक' या शब्दांपुढे एकाच दैनिकाचं नाव गेलं. एका उपसंपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, त्यांना आमचा नमस्कार कळवा."

नोट कुठेच छापून आली नाही. पण ज्यांनी टोमणा मारला त्यांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन भेटले, माफी मागायला. त्यांनी मला अर्धा तास बसवून दाखवलं की त्यांच्याकडे दिवसाला किती नोटा येतात आणि ते त्या कशा वाचतात. मथळा, पहिलं वाक्य, फोटो. बस्स. पहिल्या वाक्यात कोण, काय, कधी, कुठे आलं नाही तर पुढचं कुणी वाचत नाही. पाहुण्यांची नावं आणि सत्कार शेवटी, कापता येतील असे. आपल्याकडे नेमकं उलट असतं. अध्यक्षांपासून दीपप्रज्वलनापर्यंत तीन परिच्छेद, आणि शिबिरात किती जणांचे डोळे तपासले हे शेवटच्या ओळीत.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं एक झेरॉक्सचं दुकान. काउंटरमागचा माणूस एका हाताने झेरॉक्स काढतोय, दुसऱ्या हाताने मोबाइलवर बातमी टाइप करतोय.)

निवेदन:
हे तालुक्याचे वार्ताहर. पगार नाही म्हटला तरी चालेल, म्हणून दुकान. जिल्ह्याचं पान यांच्यासारख्यांच्या बातम्यांवर चालतं. जनसंपर्क शिकणाऱ्या किती मुलांनी आपल्या तालुक्याच्या वार्ताहराला भेटून विचारलंय की काका, तुमचं पान किती वाजता लागतं? संध्याकाळी सातला पाठवलेली बातमी उद्या शिळी होते, हे कळायला पदवी लागत नाही. दुकानात जावं लागतं.

या सगळ्यांना एका छताखाली गाठायचं तर त्यासाठी तारीख ठरलेली आहे. 6 जानेवारी. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. म्हणजे एकच गोष्ट दोन वेगळ्या वाचकांना कशी सांगायची, हा विचार तेव्हाचा आहे. जांभेकर पोंभुर्ल्याचे. पोंभुर्ले याच देवगड तालुक्यात. लॅपटॉप घेऊन बसलेल्या आपल्या त्या मुलीच्या घरापासून दुचाकीने जाण्यासारखं.

पत्रकार दिनाला तालुक्यातालुक्यात कार्यक्रम होतात. भाषणं लांबतात, ते सोडा. चहाच्या वेळी तिथे जा. व्हिजिटिंग कार्ड नको. वहीत नाव, नंबर, कुठला विषय लिहितात, एवढं टिपून घ्या. मत्स्यव्यवसायाच्या बातम्या करणाऱ्याला दशावताराच्या महोत्सवाची नोट पाठवू नये, हे त्या वहीमुळे कळतं. धंद्यात या वहीला मीडिया लिस्ट म्हणतात. एजन्सीत ती तयार मिळते आणि निम्मे नंबर बंद असतात.

(दृश्य: चिपळूण. वाशिष्ठीचं पात्र. बाजारपेठेतल्या एका भिंतीवर पुराच्या पाण्याची पुसट रेघ.)

निवेदन:
22 जुलै 2021. चिपळूणने त्या दिवशी जे पाहिलं ते इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. तळमजले बुडाले, वीज गेली, फोन बंद. म्हणूनच चिपळूणच्या मुलांकडून मी एक सराव करून घेते. समजा तुम्ही एका पतसंस्थेचा जनसंपर्क बघता. पाणी अजून उतरलेलं नाही. लोकांचे दागिने लॉकरमध्ये आहेत. पाच ओळींचं निवेदन लिहा.

पहिल्या खेपेला सगळेच लिहितात, "आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत." मी विचारते, तुझ्या आजीचं मंगळसूत्र आत आहे. या वाक्याने तिला झोप लागेल?

मग हळूहळू वाक्यं सुधारतात. एका मुलाने लिहिलं होतं: "लॉकरच्या खोलीत पाणी गेलं आहे का, हे आत्ता आम्हाला माहीत नाही. संध्याकाळी पाच वाजता शाखेच्या दाराशी आम्ही उभे असू. तोवर कळलं नसेल, तरी पाच वाजता तिथे येऊन तेच सांगू." याच्यापेक्षा चांगलं मलाही लिहिता आलं नसतं. काय माहीत आहे, काय माहीत नाही, पुढचं कधी सांगणार. आणि दुसऱ्या एकीने विचारलं, "पण मॅडम, फोन बंद असताना हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून उपयोग काय?" तिने रिक्षावर भोंगा लावायचं सुचवलं. पूर अंगावरून गेलेल्या मुलीलाच हे सुचतं.

यातलं तत्त्व जुनं आहे. 1906 साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला. त्या काळी कंपन्या अपघात झाकून ठेवत. आयव्ही ली नावाच्या, आधी पत्रकार असलेल्या माणसाने रेल्वे कंपनीला उलट सल्ला दिला: माहिती स्वतःहून द्या, पत्रकारांना घटनास्थळी न्या. आज ज्याला प्रेस नोट म्हणतात तिची सुरुवात या प्रसंगापासून मानतात. ती जन्मली अपघातातून. आपण मात्र ती उद्घाटनासाठी वापरतो.

(दृश्य: वेळासचा किनारा. पहाटे जाळीच्या कुंपणाभोवती थांबलेली माणसं. वाळूतून बाहेर येणारं एक पिल्लू.)

निवेदन:
मंडणगड तालुक्यातलं वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला इथे पुण्यामुंबईची माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. पण पिल्लं कुणाचं बुकिंग बघून बाहेर येत नाहीत. अंडी उबायला साधारण दीड-दोन महिने लागतात आणि नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही. "हमखास कासव दाखवतो" असं म्हणणं सोपं. एकदा खपतंही. दुसऱ्या वर्षी ते पर्यटक येत नाहीत. "दिसतीलच असं नाही, पण घरचं जेवण आणि समुद्र नक्की" असं आधीच सांगितलं, तर पिल्लू दिसलं की तो बोनस. ग्राहकाला काय कबूल करू नये हे शिकायचं असेल, तर इथल्या एखाद्या मावशीच्या पडवीत दोन दिवस राहा. ही माझी इंटर्नशिपची शिफारस आहे, आणि गंमत म्हणून सांगत नाही.

(दृश्य: मुलीची फाइल. पानं उलटताना.)

निवेदन:
तिच्याकडे अकरा प्रमाणपत्रं होती. ती आम्ही मागे टाकली. पुढे ठेवली तीन कामं. वाडीच्या नमनाच्या कार्यक्रमाची छापून आलेली बातमी, सोबत तिने पाठवलेली मूळ नोट. म्हणजे संपादकाने काय कापलं ते दिसतं. पुराच्या सरावातलं निवेदन, चारही खर्डे. आणि बाबांच्या बागेवरचं एक पान.

त्या पानात पहिल्यांदा लिहिलं होतं की 2018 साली देवगडला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मी लाल पेन घेतलं. ते मानांकन 'हापूस' या नावाला मिळालं, आणि त्यात सिंधुदुर्गाबरोबर रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हेही येतात. देवगडच्या माणसाला हे लिहिताना जड जातं, मान्य. पण रत्नागिरीच्या पत्रकाराने ही चूक पकडली, तर त्या पानातलं बाकीचं खरंही खोटं ठरतं.

आणि कात्रण किती सेंटिमीटरचं, तेवढी जाहिरात केली असती तर किती रुपये झाले असते, हा हिशेब तिने एका कोपऱ्यात केला होता. तोही काढायला लावला. 2010 साली बार्सिलोनामध्ये या व्यवसायातल्या लोकांनीच ठरवलं की हे मोजमाप धरायचं नाही. तरी आपल्याकडे ते अजून मागतात. मागितलं तर द्या, पण शेजारी लिहा की बातमी वाचून किती फोन आले. तिच्या बाबांना नऊ आले होते.

नोकऱ्यांचं थोडक्यात. मुंबईच्या एजन्सी आहेतच. कंपन्या, रुग्णालयं, संस्था आहेत. सरकारात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या जागा लोकसेवा आयोगाकडून भरतात. जिल्हा माहिती कार्यालय तुमच्याच जिल्ह्याच्या गावी असतं. तिथे एकदा जाऊन या. बहुतेक मुलं त्याच्यासमोरून रोज जातात.

(दृश्य: रात्र. मोबाइलचा पडदा. मुलगी संदेश टाइप करते, खोडते, पुन्हा टाइप करते.)

निवेदन:
अनोळखी माणसाला पहिला संदेश. तिने लिहिलेला पहिला मजकूर सतरा ओळींचा होता आणि त्यात 'मार्गदर्शन' हा शब्द चारदा. शेवटी गेला तो असा: "सर, मी देवगडची, माध्यमांच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्या रुग्णालयाने गेल्या महिन्यात डेंग्यूवर दिलेली माहिती वाचली. ती मराठीत आधी लिहिली की इंग्रजीत, एवढंच विचारायचं होतं. पंधरा मिनिटं फोनवर मिळतील का?"

पाच जणांना असे संदेश गेले, प्रत्येकाला वेगळा. तिघांनी उत्तर दिलं नाही. एकाने "नंतर बोलू" म्हटलं. एकाने भेटायलाच बोलावलं. ती तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून दादरला गेली, भेटली, परत आली. महिन्याभराने त्यांना कळवलं की तुम्ही सांगितलेलं मी असं करून बघितलं, हे जमलं, हे जमलं नाही. हा दुसरा संदेश फार थोडी मुलं पाठवतात. काम असलं की फोन आणि नसलं की गप्प, हे समोरच्याला कळतंच. आपल्याला नाही का कळत?

(दृश्य: पुन्हा आमराई. पेट्या टेम्पोत चढतायत. मुलीचा फोन वाजतो. पडद्यावर झेरॉक्सवाल्या काकांचं नाव.)

निवेदन:
या वर्षी फोन तिने केला नव्हता. तिलाच आला.

(फोनवरचा आवाज:) "काय गो, पेटी कधी जाता? फोटो पाठव. आणि आडवो काढ हां. गेल्या वेळचो उभो होतो, पानात बसलोच नाय."

(मुलगी फोन आडवा धरते. वडील शर्टाची कॉलर नीट करतात.)