ड्रॉ चालला असता : पॅरिस, १७ नोव्हेंबर १९९३

मित्रांनो, आज ज्या मॅचबद्दल बोलायचंय तिचा नुसता स्कोर बघून कुणाला काही वाटणार नाही. फ्रान्स १, बल्गेरिया २. वर्ल्ड कपची क्वालिफायर, म्हणजे पात्रतेची मॅच, पॅरिसचं पार्क दे प्रँस स्टेडियम. पण क्वालिफायरचा स्कोर एकटा वाचून कळत नाही, शेजारी पॉइंट्सचं टेबल लागतं, म्हणून आधी ते सांगतो. तेव्हा जिंकलं की दोन पॉइंट, ड्रॉ झाला की एक. युरोपच्या सहाव्या ग्रुपमधून दोन टीम १९९४ च्या वर्ल्ड कपला अमेरिकेत जाणार होत्या, त्यातली एक जागा स्वीडनने आधीच पक्की केलेली. उरलेल्या एका जागेसाठी शेवटच्या मॅचला फ्रान्सचे १३ आणि बल्गेरियाचे १२. म्हणजे बल्गेरियाला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि फ्रान्सला ड्रॉ चालला असता.

या 'ड्रॉ चालेल'नेच फ्रान्सचा घात केला असं माझं मत आहे, आणि आज तेच मांडायचंय. तीस वर्षं सगळं खापर एका माणसाच्या एका क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या एका उंच पासवर, फुटत आलंय आणि ते मला अजिबात पटत नाही.

आता थोडं मागे जाऊ. १३ ऑक्टोबर १९९३, याच ग्राउंडवर इस्राएल. याच इस्राएलला फ्रान्सने तेल अवीवला ४-० हरवलं होतं, आणि अख्ख्या ग्रुपमध्ये इस्राएल एकच मॅच जिंकलं, ती ही. हाफटाइमला फ्रान्स २-१ ने पुढे, शेवटची सात-आठ मिनिटं राहिलेली, तेवढी काढली असती तर तिकीट हातात होतं आणि नोव्हेंबरच्या मॅचला काही अर्थच उरला नसता. तर ८३व्या मिनिटाला बेर्कोविचने बरोबरी केली आणि इंज्युरी टाइममध्ये अतारने तिसरा मारला. २-३. त्या रात्री कुणी एक माणूस दोषी ठरला नाही हे लक्षात घ्या, सगळी टीमच गाफील होती, आणि सगळे दोषी असले की नाव कुणाचंच घेतलं जात नाही.

तर येतो १७ नोव्हेंबर. फ्रान्सची टीम कागदावर बघा, कँटोना, पापाँ, देशाँ, देसाई, ब्लाँ, पेती, गोलमध्ये लामा. कोच जेरार उलिए. समोर बल्गेरिया, दिमितार पेनेव्ह यांची टीम, स्टोइचकोव्ह, बालाकोव्ह, आणि पुढे कोस्टादिनोव्ह आणि ल्युबोस्लाव पेनेव्ह, हा कोचचा पुतण्या. या दोघांकडे फ्रान्सचा व्हिसाच नव्हता. बल्गेरियाचे दोन खेळाडू तेव्हा म्युलूझच्या क्लबकडून खेळायचे, म्युलूझ अगदी जर्मनीच्या सीमेलगत, त्यांच्या ओळखीने या दोघांना तिकडून गुपचूप आत आणलं गेलं. हे पुढे खेळाडूंनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे ज्याने फ्रान्सला घरी बसवलं तो माणूस त्या देशात यायलाच नको होता!

३२व्या मिनिटाला पापाँने हेडरने बॉल खाली दिला आणि कँटोनाने व्हॉली मारली, १-० फ्रान्स. पाचच मिनिटांत कॉर्नरवर कोस्टादिनोव्हचा हेडर, १-१. आणि इथून पुढे जी सगळी मॅच आहे ती मी परत परत बघितलीये, फ्रान्सला नक्की काय करायचंय तेच कळत नाही. गोल मारायला जायचं तर मागे जागा मोकळी पडते, मागे बसायचं तर घरच्या प्रेक्षकांसमोर, इतके मोठे फॉरवर्ड असताना, बसवत नाही. मग अर्धे पुढे जातात अर्धे मागे राहतात आणि मध्ये मोकळं मैदान. बल्गेरियाचं तसं नव्हतं, त्यांना एकच गोष्ट करायची होती, गोल.

शेवटचं मिनिट. बॉल कुठे आहे बघा, बल्गेरियाच्या कॉर्नर फ्लॅगजवळ, आणि फ्रान्सला तिथे फ्री किक मिळालीये. फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, बॉल तिथेच कोपऱ्यात पायात धरून ठेवायचा, अंगावर कुणी आला की थ्रो नाहीतर कॉर्नर काढायचा, संपला विषय. फ्री किक छोट्या पासने घेतली, बॉल दाविद जिनोलाकडे आला, तो दुसऱ्या हाफमध्ये पापाँच्या जागी उतरला होता. त्याने वर बघितलं, बॉक्समध्ये कँटोना दिसला, क्रॉस टाकला. क्रॉस लांब गेला, कँटोनाच्या डोक्यावरून थेट पलीकडे. क्रेमेनलिएव्हने तो घेतला, पुढे सरकवला, मग पेनेव्हने डिफेन्सच्या वरून एक अप्रतिम पास काढला आणि कोस्टादिनोव्ह उजवीकडून धावत आत शिरला, कोन अवघड होता, त्याने विचार न करता जोरात हाणला. बॉल क्रॉसबारच्या खालच्या बाजूला लागून आत.

आता हिशोब करा. जिनोलाने क्रॉस टाकला तेव्हा बॉल फ्रान्सच्या गोलपासून जवळजवळ अख्खं मैदान लांब होता. तिथून इथे येईपर्यंत एक फाउल करता आला नाही कुणाला? साधा शर्ट धरून ओढला असता तरी पिवळ्या कार्डावर भागलं असतं. आणि शेवटच्या मिनिटाला कँटोना बॉक्समध्ये का उभा होता, त्याला तिथे जाऊ नको असं बेंचवरून कुणी का ओरडलं नाही? क्रॉस चुकीचाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण काय करायचं ते टीमनेच नव्वद मिनिटांत ठरवलं नव्हतं, मग शेवटच्या मिनिटाला ते एकट्या जिनोलाने कुठून ठरवायचं होतं?

उलिए यांनी मॅचनंतर जाहीरपणे जिनोलालाच जबाबदार धरलं. त्यात जिनोलाने आधी आपल्याला टीममध्ये घेत नाहीत म्हणून पेपरवाल्यांकडे तक्रार केलेली, त्यामुळे लोकांनाही ते लगेच पटलं. उलिए कोचपदावरून गेले, पण हा डाग जिनोलाला कायमचा चिकटला. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंनी आणि पत्रकारांनी, दोघांनीही त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, तरी वर्ल्ड कप त्याला कधीच खेळायला मिळाला नाही. अठरा वर्षांनी एका पुस्तकात उलिए यांनी तो विषय परत काढला, जिनोला कोर्टात गेला, तिथेही दावा टिकला नाही. एका क्रॉससाठी एवढं.

आणि हे त्याच रात्री दुसरीकडेही चाललं होतं. कार्डिफला वेल्स विरुद्ध रोमानिया, हीही वर्ल्ड कपची क्वालिफायर, १-१, वेल्सला पेनल्टी मिळाली, पॉल बोडिनचा बॉल बारला लागून बाहेर आला, पुढे रोमानिया २-१ जिंकलं. एकाच रात्री दोन बार, एक बॉल आत, एक बाहेर, आणि दोन्ही देशांत नाव एकेकाच माणसाचं.

बल्गेरियाने पुढे काय केलं ते तुम्हाला माहीतच असेल. त्याआधी पाच वर्ल्ड कप खेळून एकही मॅच न जिंकलेला देश, तो अमेरिकेत अर्जेंटिनाला २-० हरवतो, जर्मनीला २-१ हरवून सेमीफायनलला जातो, आणि स्टोइचकोव्ह सहा गोल मारतो. ज्याने तो पास दिला तो पेनेव्ह मात्र कॅन्सरमुळे त्या वर्ल्ड कपला जाऊ शकला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

फ्रान्सबद्दल लोक म्हणतात की त्या रात्रीनेच १९९८ घडवलं. उलिए यांचे असिस्टंट एमे जाके कोच झाले, आणि देशाँ, देसाई, ब्लाँ, पेती हे त्या रात्री हरलेले चौघंही पुढे वर्ल्ड चॅम्पियन टीममध्ये होते, हे खरंच आहे. पण १९९८ ला फ्रान्स यजमान होता, क्वालिफाय करायचंच नव्हतं, आणि २००२ ला चॅम्पियन म्हणून परत थेट एंट्री. म्हणजे 'ड्रॉ चालेल'वाला पेपर त्यांना परत द्यावाच लागला नाही! वर्ल्ड कपची पुढची क्वालिफायर ते खेळले थेट सप्टेंबर २००४ मध्ये, घरच्याच ग्राउंडवर, आणि समोर परत इस्राएल. ०-०.

मग २०१३ चा नोव्हेंबर येतो. प्लेऑफ, म्हणजे एका जागेसाठी दोन मॅच आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल, युक्रेन विरुद्ध, कीव्हमध्ये फ्रान्स ०-२ हरलं. कोच कोण, तर दिदिए देशाँ, ज्याने १९९३ ची ती रात्र मैदानावर काढलेली. १९ नोव्हेंबरला परतीची मॅच, आणि यावेळी ड्रॉचा प्रश्नच नव्हता, तीन गोल मारायचे नाहीतर घरी बसायचं. सगळी टीम पहिल्या मिनिटापासून पुढे. साखो, बेंझेमा, मग तिसरा, ३-० आणि थेट ब्राझीलच्या वर्ल्ड कपला.