बाटलीवरचे नाव कोणाचे?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर घरोघरी रातांबे फोडले जातात, आगळ भरले जाते आणि परतीच्या वाटेवरचे चाकरमानी चार बाटल्या पिशवीत घालून नेतात. त्या बाटलीवरचे नाव कायद्याने आपले कसे करावे, याविषयी आज बोलायचे आहे.

शॉप ॲक्टखाली नोंद झाली किंवा उद्यम प्रमाणपत्र मिळाले की नाव आपले झाले, अशी पुष्कळांची समजूत असते; परंतु ही कागदपत्रे केवळ धंद्याची ओळख पटवतात. नावाची नोंदणी होते ती 1999 च्या व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, कायद्याखाली. व्यक्तीला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये शुल्क पडते. सरबत 32 व्या वर्गात, मसाला 30 व्या आणि भाजलेले काजूगर 29 व्या वर्गात येतात, तेव्हा आधी मुख्य मालाचाच वर्ग घ्यावा, असे माझे मत आहे.

नाव निवडताना मात्र आपण फार घाई करतो. ‘शुद्ध कोकम’ किंवा ‘कोकण हापूस’ ही नावे मालाचे वर्णन करतात, त्यामुळे त्यांवर आक्षेप येतो. शिवाय हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाची कायदेशीर ओळख, मिळाले असल्याने ते नाव कोणा एकाचे होऊच शकत नाही. आजीचे, वाडीतल्या पाणंदीचे, किंवा अगदी मनाने रचलेले नाव अधिक टिकते.

वेंगुर्ल्याकडच्या एका काकूंनी लेबल छापल्याची पहिली पावती तांदळाच्या डब्यात जपून ठेवली होती, कडेला कोकमाचा लाल डाग पडलेली. नाव पूर्वीपासून वापरात असल्याचे प्रतिज्ञापत्र करताना तीच पावती पुरावा म्हणून जोडता आली. जुनी बिले रद्दीत देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

अर्ज स्वीकारला गेला की तो व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी दहा वर्षांची असून पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. पत्रिकेत प्रसिद्ध होण्याआधीच्या तपासणीत आक्षेप निघाला, तर अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तो अहवाल ईमेलने येतो, म्हणून अर्जावर असाच पत्ता द्या, जो घरातले कोणीतरी रोज उघडून पाहते.