शिओल ते गेहेन्ना: ज्यू परंपरेत नरक आला कुठून?

[कॅमेऱ्याकडे पाहून]

योसेफाला जंगली जनावरानं फाडून खाल्लं असं समजून त्याचा म्हातारा बाप याकोब म्हणतो, ‘मी शोक करत करतच माझ्या मुलाकडे शिओलात उतरेन.’ बायबलमधलं उत्पत्ती हे पुस्तक, अध्याय ३७. आता ‘शिओल’ म्हणजे नरक असं धरून हेच वाक्य पुन्हा वाचा. लाडक्या, निष्पाप लेकाला भेटायला बाप नरकात निघालाय? अर्थच लागत नाही. मराठी बायबलमध्ये शिओलसाठी ‘अधोलोक’ हा शब्द आहे, आणि तो अगदी नेमका आहे.

हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ज्यूंच्या बायबलमध्ये, शिओल सुमारे ६५ वेळा येतो. जमिनीखालची जागा. अंधार, धूळ, शांतता. राजा असो वा गुलाम, सज्जन असो वा दुर्जन, सगळे तिथेच जातात. ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात सरळ म्हटलंय की शिओलात काम नाही, विचार नाही, ज्ञान नाही. तिथं राहणाऱ्यांना ‘रफाईम’ म्हणतात, म्हणजे बळ गेलेल्या सावल्या. यशयाच्या १४ व्या अध्यायात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा मरून खाली पोचतो, तर तिथले मेलेले राजे उठून म्हणतात, ‘तूही आमच्यासारखाच दुबळा झालास की!’ आग नाही, छळ नाही, न्यायाधीशही नाही.

ही कल्पना दफनाच्या पद्धतीशी किती जुळते ते बघा.

[पडद्यावर: कबरीचा आराखडा]

जेरुसलेमच्या नैऋत्येला, हिन्नोम खोऱ्याच्या कडेला केतेफ हिन्नोम नावाची जागा आहे. १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय यांच्या पथकानं तिथं खडकात कोरलेल्या कबरी खणल्या. आत भिंतीला लागून दगडी ओटे, डोकं टेकवायला कोरलेली उशी, आणि ओट्याखाली एक खड्डा. मृतदेह ओट्यावर ठेवायचा. मांस झडून गेलं की हाडं खालच्या खड्ड्यात सरकवायची, आणि ओटा पुढच्या माणसासाठी मोकळा करायचा. चोरांच्या तावडीतून वाचलेल्या एका खड्ड्यात किमान ९५ जणांचे अवशेष निघाले. ‘तो आपल्या पूर्वजांना जाऊन मिळाला’ हे बायबलमधलं वाक्य इथं शब्दशः खरं होतं. आजोबांची हाडं आणि नातवाची हाडं एकाच ढिगात. चांगला कोण, वाईट कोण, ही वर्गवारी तो खड्डा करत नाही आणि शिओलही करत नाही.

त्याच खड्ड्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. उलगडल्यावर मोठी भरली जेमतेम ९७ मिलिमीटर लांब. त्यांवर बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातला आशीर्वाद कोरलाय: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. काळ साधारण इ.स.पू. ६००. ताईत मेलेल्यासोबत ठेवला आहे, पण स्वर्गाचं नाव नाही की नरकाचं नाही.

मग आग कुठून आली? त्याच खोऱ्यातून.

हिब्रूत ‘गे हिन्नोम’ म्हणजे हिन्नोमचं खोरं. ग्रीकमध्ये त्याचं गेहेन्ना झालं. तिथं तोफेत नावाचं ठिकाण होतं. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या राजांनी स्वतःची मुलं त्या खोऱ्यात अग्नीत अर्पण केली, असं बायबल सांगतं. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस योशीया राजानं ते ठिकाण भ्रष्ट करून बंद पाडलं. यिर्मया संदेष्टा त्याच्या पुढे जातो. तो म्हणतो, या जागेला ‘वधाचं खोरं’ म्हणतील, पुरायला जागा उरणार नाही. जिथे गुन्हा घडला तिथेच शिक्षा होणार, हा धागा इथे सुरू होतो. तरी यिर्मया बोलतोय ते जेरुसलेमवर येणाऱ्या युद्धाबद्दल, मेल्यानंतरच्या कशाबद्दल नाही.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा, कारण तो प्रवचनांत आणि पुस्तकांत सर्रास ऐकू येतो. ‘गेहेन्ना म्हणजे जेरुसलेमची कचरापट्टी, तिथे कायम आग धुमसायची, म्हणून नरकाची आग.’ ही गोष्ट पहिल्यांदा भेटते इ.स. १२०० च्या सुमारास, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, दाविद किम्ही यांच्या स्तोत्रांवरच्या भाष्यात. म्हणजे हजारांहून जास्त वर्षांनंतर, आणि तीही फ्रान्सच्या दक्षिणेत बसून लिहिलेली. त्याआधीच्या एकाही ग्रंथात ती नाही, हिन्नोम खोऱ्यात तसा पुरावाही सापडलेला नाही. पहिल्या शतकातला शहराचा कचरा उत्खननात मिळाला, तो पूर्वेकडच्या किद्रोन खोऱ्याच्या उतारावर. हिन्नोमची बदनामी कचऱ्यामुळे झाली नाही, ती जाळलेल्या मुलांमुळे झाली.

[पडद्यावर: इ.स.पू. १६७]

आता खरा कळीचा प्रश्न. नियमशास्त्राचा, म्हणजे तोराचा, जुना हिशेब साधा होता. देवाची आज्ञा पाळा, पाऊस पडेल, पीक येईल, आयुष्य वाढेल. मोडा, तर संकट. हिशेब इथल्या इथेच चुकता व्हायचा. इ.स.पू. १६७ मध्ये सेल्युकिड या ग्रीक राजघराण्यातला राजा चौथा अँटिओकस यानं ज्यू आचारांवरच बंदी घातली. मुलाची सुंता केली म्हणून आया मारल्या गेल्या, डुकराचं मांस खायला नकार दिला म्हणून म्हातारे मारले गेले. आज्ञा पाळली म्हणूनच मरण आलं! जुना हिशेब या जागी तुटतो.

दानीएलच्या १२ व्या अध्यायात, याच छळाच्या काळात लिहिलेल्या भागात, उत्तर येतं: धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी, काही कायमच्या तिरस्कारासाठी. ‘पुष्कळ’ म्हटलंय, ‘सगळे’ नाही. आगीचाही उल्लेख नाही. पण ‘तिरस्कार’ या अर्थाचा मूळ शब्द ‘देराओन’ अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये फक्त दोनदा आहे: इथे, आणि यशयाच्या अगदी शेवटच्या वचनात. त्या वचनात बंडखोरांची प्रेतं पडलेली आहेत, ‘त्यांचा किडा मरत नाही, आग विझत नाही.’ दानीएलच्या लेखकासमोर ते वचन होतं, हे त्या एका शब्दावरून उघड होतं. यशयात मात्र ती प्रेतं आहेत, तळमळणारे आत्मे नाहीत. त्यांच्यात जीव घातला तो नंतरच्या वाचकांनी.

छळाच्या आधीही विचार सुरू झाला होता. हनोखचं पहिलं पुस्तक हा हिब्रू बायबलबाहेरचा जुना ज्यू ग्रंथ, त्यातला सर्वांत जुना भाग इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा. त्याची अरामी हस्तलिखितं मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत तुकड्यांत सापडली. त्याच्या २२ व्या अध्यायात पश्चिमेच्या डोंगरात पोकळ खोल्या आहेत. नीतिमानांच्या खोलीत उजेड आणि पाण्याचा झरा, बाकीच्या अंधाऱ्या. जिवंतपणी शिक्षा न भोगता मेलेले दुष्ट एकीकडे, भोगून मेलेले दुसरीकडे, अन्यायानं मारलेले वेगळेच. न्यायाच्या दिवसापर्यंत सगळे तिथे थांबलेत. शिओलात भिंती पडल्या त्या अशा.

हे सगळं इराणकडून आलं का? दोनशे वर्षं पर्शियन राज्य होतं, त्यामुळे शक्यता आहेच. पण झरतुष्ट्री परलोकाची तपशीलवार वर्णनं ज्या पहलवी (मध्ययुगीन पर्शियन) ग्रंथांत आहेत ते आज मिळतात त्या रूपात इ.स. नवव्या शतकाच्या आसपासचे, म्हणून छातीठोक बोलू नये.

पहिल्या शतकातही एकमत नव्हतं. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस दोन ज्यू पंथांबद्दल लिहितो की सदूकी आत्मा देहाबरोबर संपतो असं मानत, तर परुशी मरणोत्तर फळ आणि शिक्षा मानत. जेरुसलेमच्या मंदिरातली बडी याजक (पुरोहित) घराणी बरीचशी सदूकी. मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं, सदूकी मागे पडले, आणि परुशांचा विचार रब्बींच्या परंपरेत टिकला.

रब्बींनी मग एक फार व्यावहारिक प्रश्न विचारला: गेहेन्नात किती दिवस? उत्तरं आहेत मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, एदुयोत २:१०. रब्बी अकिवा म्हणतात, बारा महिने. रब्बी योहानान बेन नूरी म्हणतात, वल्हांडण सणापासून शावुओत सणापर्यंत, म्हणजे जेमतेम सात आठवडे. दोघांचा आधार एकच, यशयाचं शेवटून दुसरं वचन! त्यात ‘महिन्यामागून महिना’ आणि ‘शब्बाथामागून शब्बाथ’ (शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) असे शब्द आहेत. अकिवांनी महिना धरला आणि तो महिना पुन्हा येईपर्यंत वर्ष मोजलं. बेन नूरींनी शब्बाथ धरला. न विझणाऱ्या आगीच्या वचनाला अगदी खेटून असलेल्या ओळीतून त्यांनी शिक्षेची मुदत काढली. पाखंडी, चहाडखोर अशा काहींना तल्मूद (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) ही सवलत देत नाही, पण सामान्य पाप्याचं गेहेन्ना संपणारं आहे.

म्हणूनच आईवडील गेल्यावर मुलगा कद्दीश ही प्रार्थना म्हणतो ती बाराऐवजी अकरा महिने. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी ही प्रथा नोंदवली आहे. बारा महिने हा दुष्टांचा काळ. पूर्ण बारा म्हणायचं, तर आपला बाप त्यातला होता असं मुलानंच कबूल केल्यासारखं होईल.