कानातले पाणी आणि चार तासांचे थांबणे

बीड जिल्ह्यातील एका गावात कापूस वेचणीचे दिवस होते. ओटीतला कापूस गाठोड्यात ओतता ओतता एक मावशी एकाएकी खाली बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बाबू, सगळं रान फिरायलंय रे, मला धर." उजव्या कानात घुमणारा आवाज, कानात बोळा कोंबल्यासारखे जडपण आणि पाठोपाठ उलट्या. दोन-अडीच तासांनी भोवळ उतरली, पण त्या कानाने फोनवरचे बोलणे नीट ऐकू येईना. कोणी पित्त म्हणाले, कोणी बीपी. शेजारणीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. असे झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा छत्रपती संभाजीनगरला नेऊन एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल आला, घरचे निर्धास्त झाले. भोवळ मात्र थांबली नाही.

रिपोर्ट चुकीचा नव्हता. ती तपासणी मुख्यतः ऐकण्या-तोलाच्या नसेवर गाठ आहे का, हे पाहण्यासाठी होती, आणि गाठ खरोखरच नव्हती.

आपल्या अंतर्कर्णात, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या शंखात आणि त्याला लागून असलेल्या, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या पोकळ्यांत, दोन निरनिराळे द्रव असतात. पाण्याने भरलेल्या घागरीत पाण्यानेच भरलेली पातळ पिशवी सोडावी, तशी ही रचना आहे. ही आतली पिशवी फुगणे हे मेनियर या आजाराचे मुख्य लक्षण मानले जाते. अशी भोवळ कानातून उद्भवू शकते, हे प्रॉस्पर मेनियर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडले. पिशवी फुगलेली प्रत्यक्ष दिसली ती १९३८ मध्ये, लंडन आणि ओसाका येथे मृत रुग्णांच्या कानाची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना. जिवंत माणसाच्या कानात ती पाहता यायला २००७ साल उजाडले.

अडचण अशी, की साध्या एमआरआयमध्ये घागरीतले आणि पिशवीतले पाणी सारखेच पांढरे दिसते. नागोया येथील डॉक्टरांनी गॅडोलिनियम हे औषध पातळ करून कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात सोडले आणि एक दिवस थांबून चित्र घेतले. आता ते बहुधा शिरेतून देतात, त्याआधी मूत्रपिंडाचे काम तपासतात, आणि साधारण चार तासांनी तीन टेस्ला इतक्या चुंबकीय ताकदीच्या एमआरआय यंत्रावर चित्र घेतात. एवढ्या वेळात औषध हळूहळू बाहेरच्या द्रवात झिरपते, आतल्या पिशवीत मात्र शिरत नाही. त्यामुळे बाहेरचा द्रव उजळतो आणि पिशवी काळी उठून दिसते. घाई केली, तर हा फरक नीट उमटत नाही. म्हणूनच या वेगळ्या एमआरआयच्या दिवशी मावशी सकाळी इंजेक्शन घेऊन बाकावर बसून राहिल्या, आणि मुलाने आणलेली भाकरी तिथेच खाल्ली.

केवळ चित्रावरून निदान करू नये, हे आग्रहाने सांगायला हवे. काही त्रास नसलेल्या माणसाच्या कानातही पिशवी थोडी फुगलेली आढळू शकते. म्हणून झटके किती वेळ टिकतात आणि श्रवणचाचणीत खालच्या सुरांचे ऐकणे कमी झाले आहे का, हे डॉक्टर आधी पाहतात. मावशींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जुळल्या होत्या.

संगणकाच्या पडद्यावर आता मावशींचे दोन्ही कान शेजारी शेजारी आहेत. डाव्या कानात पिशवीचा काळा ठिपका पोकळीच्या एक तृतीयांशाहून लहान आहे. उजव्या कानात त्याने निम्म्याहून अधिक जागा व्यापली आहे, आणि उजळ द्रवाची केवळ एक बारीक कड उरली आहे.